व्यक्तिमत्त्व आणि 'पर्सनॅलिटी'

लग्नमंडपात नवरदेव बोहल्याकडे निघाला, कचेरीत नव्या साहेबांनी पहिले पाऊल टाकले किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे मोटारीतून उतरून सभागृहाच्या पायऱ्या चढू लागले, की बघणाऱ्यांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो : 'काय पर्सनॅलिटी आहे!' नवरदेवाच्या स्वभावाची अजून वधूलाही पुरती कल्पना नसते. साहेबांनी एकाही फायलीवर सही केलेली नसते. पाहुण्यांच्या तोंडून तर एक शब्दही बाहेर पडलेला नसतो. तरीही उद्गार काढणाऱ्याला त्यांची 'पर्सनॅलिटी' दिसलेली असते आणि शेजारी उभा असलेला गृहस्थ मान डोलावून त्या निदानाला दुजोरा देत असतो.

त्या दोघांना नेमके काय दिसलेले असते? सहा फुटांच्या आसपासची उंची, रुंद खांदे, अंगावर बेतून शिवलेला कोट, सावकाश आणि ठाम पडणारी पावले. बहुधा उजळ वर्ण आणि, असल्यास, झुपकेदार मिशा. या साऱ्याला मराठीत नावे नाहीत असे नाही. तथापि त्यांतील एकही नाव न घेता सुशिक्षित मराठी माणूस हा एक इंग्रजी शब्द उच्चारतो. आपण कोणाच्या शरीराचे वर्णन केले असे त्याला वाटत नाही. त्या गृहस्थाच्या योग्यतेविषयी आपण बोललो असेच त्याला वाटते. शब्दाची ही किमया गंमत म्हणून सोडून देता आली असती. परंतु जेथे माणसांची निवड होते त्या टेबलापर्यंत हा शब्द पोचला आहे, आणि तेथे त्याची गंमत उरलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या शिक्षक-निवड समितीवर बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला होता. गणिताच्या शिक्षकाची जागा होती. आलेल्या उमेदवारांत एक तरुण लहान चणीचा, किरकोळ अंगाचा होता. सदऱ्याची कॉलर त्याच्या गळ्याभोवती सैल पडली होती आणि आवाज खालच्या पट्टीतला होता. अपूर्णांकाने भागताना आपण तो अपूर्णांक उलटा करून गुणतो ते का, असे त्याला विचारले. बहुतेक उमेदवारांनी या प्रश्नाला 'तसा नियम आहे' एवढेच उत्तर दिले होते. हा तरुण मात्र खडू घेऊन फळ्याजवळ गेला. त्याने सहा भाकऱ्या काढल्या. प्रत्येकाला अर्धी भाकरी वाढायची तर किती जणांची पंगत बसेल, असे त्याने आम्हांलाच विचारले. बारा जणांची बसेल हे दिसतच होते. 'म्हणजे सहाला अर्ध्याने भागले तर बारा आले. एका भाकरीचे दोन वाटे होतात, म्हणून दोनाने गुणायचे. नियम मागाहून येतो, सर; भाकरी आधी', असे म्हणून त्याने खडू जागेवर ठेवला.

तो बाहेर गेल्यावर अध्यक्षस्थानी असलेले गृहस्थ म्हणाले, 'मुलगा हुशार आहे, पण पर्सनॅलिटी नाही. नववीचा वर्ग याला खाऊन टाकील.' सर्वांनी माना हलवल्या. प्रस्तुत लेखकाचीही मान हलली. टिपणात 'व्यक्तिमत्त्व प्रभावी नाही' असा शेरा पडला आणि त्याखाली इतरांबरोबर या लेखकाचीही सही झाली. ज्याची निवड झाली तो उंचापुरा तरुणही काही वाईट शिक्षक नव्हता. तक्रार त्याच्याविषयी नाही. तक्रार आहे ती त्या शेऱ्याविषयी, आणि तो लिहिणे आम्हांला इतके सोपे करून देणाऱ्या शब्दाविषयी.

एक शब्द, दोन जन्म

इंग्रजीतील हा एकच शब्द मराठीत दोनदा आला आहे. पहिल्यांदा तो भाषांतरित होऊन आला आणि 'व्यक्तिमत्त्व' झाला. दुसऱ्यांदा तो जसाच्या तसा आला आणि 'पर्सनॅलिटी' म्हणूनच राहिला. एकाच घरातील दोन भावांनी वेगवेगळे उद्योग पत्करावेत तशी या दोघांनी कामे वाटून घेतली. भाषांतरित शब्द माणसाच्या आत गेला. न भाषांतरलेला कातडीवर थांबला.

याची कसोटी प्रत्येकाला घरबसल्या घेता येईल. 'ऋजू व्यक्तिमत्त्व' आपण लिहितो. 'ऋजू पर्सनॅलिटी' असे कोणी म्हणत नाही. तालमीत जाऊन एखाद्याने 'पर्सनॅलिटी केली' असे आपण सहज म्हणतो. तालमीत जाऊन व्यक्तिमत्त्व करता येते असे कोणी म्हणणार नाही. 'त्याला स्वतःचे व्यक्तिमत्त्व नाही' याचा अर्थ तो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो असा होतो. 'त्याला पर्सनॅलिटी नाही' याचा अर्थ तो बुटका किंवा बारीक आहे असा होतो. गंमत अशी की, मूळ इंग्रजीत या शब्दाचा वापर माणसाच्या स्वभावासाठी आणि घडणीसाठी होतो. कोणाच्या रुंद खांद्यांकडे पाहून 'काय पर्सनॅलिटी!' असे म्हटले, तर इंग्रज श्रोता बुचकळ्यातच पडेल. म्हणजे शब्द त्यांचा असला तरी अर्थ आपण घडवलेला आहे, आणि त्याची जबाबदारीही आपलीच आहे.

या शब्दाची कुळकथा पाहिली तर आपला अर्थ त्याच्या मूळ गावाच्या जवळपास जातो. लॅटिन भाषेत 'पर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा. इंग्रजी शब्द तेथून निघाला. याउलट 'व्यक्ती' या आपल्या शब्दाच्या मुळाशी प्रकट होण्याचा अर्थ आहे. 'व्यक्त' आणि 'अभिव्यक्ती' हे त्याच कुळातील शब्द. म्हणजे एका शब्दाच्या जन्माशी झाकणे आहे आणि दुसऱ्याच्या जन्माशी उघडे होणे. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही हे खरे. पण व्यवहारात आपण या दोन शब्दांना जी कामे दिली ती पाहता, त्यांना आपले जन्म आठवत असावेत असे वाटते.

इंग्रजी मुलखातही या शब्दाचा प्रवास निर्वेध नव्हता. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला या एका शब्दाच्या सुमारे पन्नास व्याख्या विचारात घ्याव्या लागल्या. वॉरन सस्मन या इतिहासकाराने 'कल्चर ॲज हिस्टरी' या १९८४ च्या पुस्तकात आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन उपदेशपर पुस्तके शीलाविषयी बोलत : कर्तव्य, प्रतिष्ठा, श्रम, सचोटी. विसाव्या शतकातील तशीच पुस्तके व्यक्तिमत्त्वाविषयी बोलू लागली : मोहक, प्रभावी, चुंबकीय, छाप पाडणारे. आधी माणसाने चांगले असावे अशी अपेक्षा होती. नंतर त्याने चार लोकांत उठून दिसावे अशी झाली. आपल्याकडेही जुन्या मानपत्रांतून 'शीलवान' आणि 'निष्कलंक चारित्र्याचे' ही विशेषणे भेटतात. त्यांची जागा पुढे 'प्रभावी व्यक्तिमत्त्वा'ने घेतली. शहरोशहरी 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'चे वर्ग निघाले आणि टायची गाठ, हस्तांदोलन व इंग्रजी उच्चार यांची तेथे शिकवणी सुरू झाली. शील शिकवण्याचे वर्ग मात्र फी भरून चालल्याचे ऐकिवात नाही.

मराठीचे मोजमाप

पर्सनॅलिटीला मराठीत प्रतिशब्द नाही, असे काही जण म्हणतात. वस्तुतः एक प्रतिशब्द नाही हे खरे. कारण मराठीत त्या जागी पंचवीस शब्द आहेत आणि प्रत्येकाचे माप वेगळे आहे. 'धिप्पाड' म्हटले की उंची आणि रुंदी दोन्ही आली. 'भारदस्त' म्हटले की अंगाच्या वजनाबरोबर वागण्यातले गांभीर्य आले. हा शब्द आवाजालाही चालतो आणि लेखनशैलीलाही. 'रुबाबदार' माणसात पोशाखाचा आणि चालीचा वाटा मोठा. 'देखणा' हा चेहऱ्याचा गुण. 'राजबिंडा' या शब्दात तारुण्याचे कोवळेपण मिसळलेले आहे; साठीच्या गृहस्थाला तो शोभत नाही. 'आडदांड' या शब्दात ताकदीची कबुली आहे आणि बेशिस्तीची तक्रारही. 'ठसठशीत' हे विशेषण बाईच्या नाकीडोळी रेखीवपणाला जसे लागते तसे तिच्या कुंकवालाही. आणि ज्याला 'पर्सनॅलिटी' नाही म्हणून आपण बाजूला सारतो, त्याच्यासाठी मराठीने 'काटक', 'सडसडीत', 'चपळ' असे मानाचे शब्द राखून ठेवले आहेत. लहान चणीच्या देहातील चिवटपणा ओळखणारा 'काटक' हा एक शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेला माणसाचे शरीर पाहता येत नाही असे कोण म्हणेल?

या शब्दांचा मुख्य गुण असा की, ते बोलणाऱ्याला बांधून ठेवतात. 'गृहस्थ धिप्पाड आहेत' असे म्हटले तर धिप्पाडपणापलीकडे काहीही पदरात पडत नाही. ते प्रामाणिक आहेत का, त्यांना हिशेब समजतो का, हे प्रश्न जागेवर राहतात. 'पर्सनॅलिटी' मात्र देहाचे वर्णन करता करता गुणांचे दाखले वाटून टाकते. आणि ज्याला देह नाही त्याचे गुण त्याच झटक्यात काढून घेते.

येथे मराठीची आणि संस्कृतची फाजील तरफदारी करण्याचे कारण नाही. आपणही बलवान माणसाला 'वजनदार' म्हणतो आणि त्या वजनाचा किलोशी संबंध नसतो. जेथे आकृती तेथे गुणांची वस्ती, अशा अर्थाचे संस्कृत वचन विद्वान मंडळी उद्धृत करत आलेली आहेत. तथापि या परंपरेतच सावधपणाही आहे. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात कालिदासाने दिलीप राजाचे वर्णन केले आहे. रुंद छाती, बैलासारखे खांदे, सालवृक्षासारखी उंची असा तो देह आहे. परंतु एवढ्यावर न थांबता, या राजाची बुद्धीही त्याच्या आकाराला साजेशी होती, हे कवीने वेगळे सांगितले आहे. खांदे पाहून बुद्धी आपोआप सिद्ध होत असती तर ते वेगळे सांगण्याची गरजच नव्हती. चोखोबांनी वाकड्या उसाचा आणि त्यातील सरळ गोडीचा दाखला देऊन वरच्या रंगाला भुलणाऱ्यांना प्रश्न विचारला. तो प्रश्न विचारणारा संत स्वतः देवळाच्या दाराबाहेर उभा होता, हे विसरून चालणार नाही. माणसाला नुसते पाहून त्याची जागा ठरवण्याचा धंदा या देशात इंग्रजी शब्द येण्यापूर्वीही जोरात चालू होता.

इतिहासातील एक साक्ष मात्र प्रत्येक मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १६६४ साली सुरतेत असलेल्या एस्कॅलिओ या इंग्रज पाद्र्याने, शिवाजी महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांच्या सांगण्यावरून, त्यांचे वर्णन एका पत्रात लिहून ठेवले आहे. मध्यम उंची, त्याच्या स्वतःच्या उंचीहून काहीशी कमीच. ताठ आणि प्रमाणबद्ध शरीर. बोलताना हसरी मुद्रा आणि तीक्ष्ण, वेध घेणारी नजर. त्यापूर्वी पाच वर्षे, १६५९ साली, प्रतापगडाच्या पायथ्याशी जो सामना झाला त्यात धिप्पाड देह कोणाचा होता हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हा 'पर्सनॅलिटी'वर गुण देणारी समिती तेथे नव्हती, हे आपले भाग्य.

दोन शिक्षक

शिक्षकांच्या निवडीवरून हा विषय निघाला, म्हणून महाराष्ट्रातील दोन थोर शिक्षकांकडे पाहणे योग्य होईल. कर्मवीर भाऊराव पाटील उंचापुरे, भक्कम बांध्याचे होते. पांढरी दाढी, अंगावर खादी आणि बुलंद देह अशी त्यांची मूर्ती ज्यांनी पाहिली ते ती विसरले नाहीत. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि खेड्यापाड्यांतील, सर्व जातींची मुले एका वसतिगृहात एका पंगतीला बसवली. दुसरे धोंडो केशव कर्वे. चणीने लहान, प्रकृतीने कृश, स्वभावाने भिडस्त. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले आणि शंभरीत पोचल्यावर, १९५८ साली, ते भारतरत्न झाले.

या कर्व्यांच्या लहानपणीची एक हकीकत त्यांच्या 'आत्मवृत्ता'त आहे. मराठी सहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ते कोकणातील मुरुडहून साताऱ्याला पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची वाट, वर घाट आणि कोसळणारा पाऊस. एवढे चालून परीक्षेच्या जागी पोचल्यावर त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. कारण एकच : मुलगा वयाने लहान दिसतो. शंभर मैल चालून आलेले पाय समितीला दिसले नाहीत. न भरलेले अंग तेवढे दिसले. त्या वेळी 'पर्सनॅलिटी' हा शब्द साताऱ्याच्या त्या कचेरीत कोणी उच्चारला नसेल. पण निकाल तोच होता.

भाऊरावांच्या देहाने त्यांच्या कार्याला मदत केली असेल, नव्हे केलीच असेल. कर्व्यांच्या देहाने त्यांना अडवले. परंतु दोघांच्या कार्याचे माप घेताना आज कोणी त्यांची उंची विचारत नाही. काळ हा मोठा परीक्षक खरा, पण तो शंभर वर्षांनी निकाल देतो. नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या तरुणाला इतका वेळ थांबता येत नाही.

तेजोवलयाचा दोष

हा दोष केवळ आपल्या निवड-समित्यांचा नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक छोटा, पण महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. सैन्यातील अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना वेगवेगळ्या गुणांसाठी वेगवेगळे अंक दिले होते : शरीर, बुद्धी, नेतृत्व, शील. हे अंक ताडून पाहता असे दिसले की ते एकमेकांना चिकटून चालतात. ज्याच्या शरीराला चांगले अंक, त्याच्या बुद्धीलाही चांगले आणि शीलालाही चांगले. शरीर आणि शील यांचा इतका घट्ट संबंध प्रत्यक्षात असणे शक्य नव्हते. अधिकारी एक गोष्ट पाहत होते आणि तिचाच प्रकाश बाकीच्या रकान्यांवर पाडत होते. देवाच्या तसबिरीत मस्तकामागे जे तेजोवलय काढलेले असते, त्याचेच नाव थॉर्नडाइकने या दोषाला दिले. विशेष हे की, हे अधिकारी लबाड नव्हते. आपण प्रत्येक गुण स्वतंत्रपणे तपासत आहोत अशीच त्यांची समजूत होती.

आपल्या न्यायालयांनाही हा प्रश्न हाताळावा लागला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांविषयीच्या अजय हसिया खटल्यात, १९८० साली, सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली हकीकत अशी होती की, लेखी परीक्षेला शंभर गुण आणि मुलाखतीला पन्नास गुण होते. ती मुलाखत उमेदवारामागे दोन-तीन मिनिटांत उरकली जात असे. न्यायालयाने एकूण गुणांपैकी एकतृतीयांश गुण तोंडी मुलाखतीला देणे मनमानी ठरवले आणि पंधरा टक्क्यांची मर्यादा सांगितली. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या 'क' आणि 'ड' गटांतील पदांसाठी, तसेच 'ब' गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या. कारकुनाची नोकरी मागणाऱ्या लक्षावधी मुलांच्या दृष्टीने हा निर्णय लहान नव्हता. दोन मिनिटांत दिसते ते काय, तर उंची, वर्ण, कपडे आणि उच्चार. यांतील पहिल्या दोन गोष्टी आईबापांकडून मिळतात आणि उरलेल्या दोन बहुधा आईबापांच्या पैशातून.

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला अधिकृतपणे 'व्यक्तिमत्त्व चाचणी' असेच नाव आहे आणि सध्या एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण तिला आहेत. परंतु त्या चाचणीत काय पाहायचे याचे आयोगाने केलेले वर्णन वाचण्याजोगे आहे. बुद्धीची जागरूकता, विषयाची स्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातील समतोल, आवडीनिवडींची विविधता, समाजाला जोडून घेण्याची आणि नेतृत्वाची क्षमता, बौद्धिक आणि नैतिक सचोटी. या यादीत खांद्यांचा उल्लेख नाही. ज्या सेवेत देहाचा प्रश्न खरोखरच येतो त्या पोलीस सेवेसाठी तो उघडपणे मांडलेला आहे : पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटर उंची हवी, स्त्रियांना १५०, काही समाजघटकांना सवलत. हा मार्ग स्वच्छ आहे. फीत लावा, मोजा, आकडा लिहा. ज्याला ती अट जाचक वाटते त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येते. 'पर्सनॅलिटी नाही' या शेऱ्याविरुद्ध दाद कशी मागणार? तो शेरा कशाविषयी आहे हेच कागदावर कोठे लिहिलेले नसते.

दोन आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, वर्गावर छाप ही पडलीच पाहिजे. शिक्षक उभा राहिला की वर्ग शांत झाला पाहिजे. हे मान्य आहे. परंतु छाप आणि माप या एक गोष्टी नव्हेत. नटाचा देह हे त्याचे भांडवल, असे आपण मानतो. पण सत्तरच्या दशकातील 'सामना' या चित्रपटात निळू फुले यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील उभा केला, तो सडपातळ अंगाने. पडद्यावर त्यांची जी जरब बसली ती नजरेने आणि शब्द टाकण्याच्या पद्धतीने. आपल्यापैकी प्रत्येकाच्या शाळेत एक तरी बुटक्या बाई होत्या, ज्यांनी चष्म्यावरून नुसते पाहिले की मागच्या बाकावरचा दांडगा मुलगा वही उघडत असे. मुखवट्याच्या धंद्यातही जेथे देहाने भागत नाही, तेथे फळ्यापुढे त्याने कसे भागावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला नुसते उत्तर देऊन भागणार नाही. देहाचा आब ही काहींच्या दृष्टीने चैन असेल. पण ज्यांना पिढ्यान्पिढ्या मान खाली घालून चालायला लावले, त्यांच्या दृष्टीने ताठ मानेने चालणे हीच क्रांती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३० साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले ते उत्तम शिवलेल्या सुटात. ज्या समाजाला चांगले कपडे घालण्याचीही रूढीने मनाई केली होती, त्या समाजाचा प्रतिनिधी तसा उभा राहिला यात केवढा अर्थ होता! त्याच सुमारास, १९३१ साली, पंचा नेसलेले गांधीजी व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या पायऱ्या चढले आणि त्या दृश्याने चर्चिल संतापले. एकाने पोशाख चढवून आणि दुसऱ्याने तो उतरवून एकाच सत्तेच्या नजरेला आव्हान दिले. दोघांनीही आपले रूप आपण ठरवले. भेद येथे आहे. आपण कसे उभे राहावे हे ज्याचे त्याने ठरवणे हा स्वाभिमान होय. दुसरा कसा उभा आहे यावरून त्याच्या पोटापाण्याचा निर्णय करणे हा अधिकाराचा गैरवापर होय. म्हणून कोणी व्यायाम करावा, नीटनेटके कपडे घालावेत, ताठ चालावे, यात कसलेही पाप नाही. त्याला कोणी 'रुबाबदार' म्हटले तर तो मोकळ्या मनाने घेण्याजोगा मान आहे.

भाषाशुद्धीचा आग्रह येथे अभिप्रेत नाही. टेबल, फाईल, कॉलर हे शब्द मराठीने पचवले आणि त्यांनी कोणाचे नुकसान केले नाही, कारण टेबलाला टेबल म्हणताना आपण दुसरे काही लपवत नसतो. 'पर्सनॅलिटी' हा शब्दही लग्नमंडपात आणि तालमीत खुशाल नांदो. निवडीच्या टेबलावर मात्र त्याला बंदी असावी, आणि जो तो उच्चारील त्याला एवढेच विचारावे : साहेब, मराठीत सांगा. उमेदवार ठेंगणा आहे? काळा आहे? त्याचा कोट जुना आहे? की त्याला शिकवता येत नाही? यांतील जे असेल ते स्वच्छ शब्दांत लिहू या आणि त्याखाली सही करू या.

त्या दिवशी आमच्या टिपणात 'उमेदवार चणीने लहान आहे, म्हणून नाकारला' असे वाक्य असते, तर त्याखाली सही करताना समितीतील एकाचा तरी हात थांबला असता. या लेखकाचा थांबला असता असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण निदान आपण काय करत आहोत हे त्याला कळले असते. आज पोळपाटावर थापलेली भाकरी दिसली की तो फळा आठवतो. सहा भाकऱ्या, बारा माणसे. पंगत बरोबर बसली होती. वाढणाऱ्याला बाहेर बसवले ते आम्ही.